विश्लेषण : पातळ भिंती, शेजारी आणि नवे संगीत… छोट्या जागा का टिकायला हव्यात?

टोक्योतील योयोगी भागात 2000 साली एका जुन्या घरात ‘ऑफ साइट’ नावाची छोटी जागा सुरू झाली. 2005 मध्ये ती बंदही झाली. तरीही प्रयोगशील, उत्स्फूर्त संगीताचा विषय निघाला की आजही तिचे नाव घेतले जाते. मोजक्या श्रोत्यांच्या या खोलीने असे काय केले?

‘ऑफ साइट’मध्ये काय घडले?

कलाकार अत्सुहिरो इतो ही जागा चालवत. भिंती पातळ आणि शेजारची घरे लागूनच. मोठा आवाज केला की शेजाऱ्यांना त्रास ठरलेला. त्यामुळे वादकांनी आवाज अगदी खाली आणला. इतका, की रस्त्यावरची वर्दळही मैफलीचा भाग होई. अर्थात, ही केवळ मजबुरी नव्हती. गिटारवादक ताकू सुगिमोतो यांच्यासारखे कलाकार आधीच शांततेकडे वळले होते. दोन सुरांमध्ये ते दीर्घ विराम घेत. या खोलीत त्या शैलीला घर मिळाले. पुढे ती ‘ओन्क्यो’ या नावाने ओळखली गेली.

वाद्ये कोणती होती?

तोशिमारू नाकामुरा यांचे वाद्य म्हणजे साधा साउंड मिक्सर. एरवी मिक्सरला माइक किंवा वाद्ये जोडतात. नाकामुरा बाहेरून काहीच जोडत नाहीत. मिक्सरमधून बाहेर पडणारा सिग्नल ते वायरने पुन्हा त्याच मिक्सरमध्ये सोडतात. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर आला की कर्कश शीळ वाजते, तेच हे तत्त्व. बटण जरा फिरवले तरी आवाज बदलतो आणि तो नेमका कसा बदलेल, हे वादकालाही पूर्ण सांगता येत नाही. साचिको एम यांनी तर सॅम्पलरमध्ये एकही ध्वनी न भरता त्या यंत्रातील मूळ चाचणी-सूर वाजवले.

याला संगीत म्हणायचे का?

प्रश्न रास्त आहे. येथे राग नाही, ताल नाही, बंदिश नाही. पण उपज म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्याला सांगावे लागत नाही. ब्रिटिश गिटारवादक डेरेक बेली यांनी उत्स्फूर्त वादनावर 1980 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवातच भारतीय संगीतापासून होते. फरक इतकाच, की आपल्याकडे रागाची चौकट सांभाळून उपज होते. येथे चौकटही तिथल्या तिथे ठरते. एकाने आवाज काढायचा, दुसऱ्याने तो ऐकून उत्तर द्यायचे किंवा गप्प बसायचे. कधी मैफल रंगते, कधी साफ फसते.

मग मोठ्या सभागृहात का नको?

कारण फसण्याची मुभा तेथे परवडत नाही. भाडे मोठे असले की आयोजकाला खात्रीचा कार्यक्रम लागतो. शिवाय, टाचणी पडेल इतका हळू सूर हजार खुर्च्यांच्या सभागृहात पोहोचवायचा तर तो स्पीकरवर मोठा करावा लागेल. म्हणजे त्याचे मूळ रूपच जाईल. म्हणूनच छोटी जागा ही मोठ्या मंचाकडे जाण्याची पायरी आहे, हा समज चुकीचा आहे. या संगीतात खोली हेच एक वाद्य असते.

अडचण कोठे आहे?

अडचण हिशेबात आहे. समजा, 50 खुर्च्या आहेत आणि तिकीट 300 रुपये. सगळ्या खुर्च्या भरल्या तरी जमतात 15 हजार. त्यातून भाडे, वीज, प्रवास आणि चार वादकांचे मानधन भागवायचे. त्यावर परवान्यांचा खर्च आला, तर पुढची मैफल होणे कठीण.

उपाय काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने एक साधी गोष्ट केली. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत, 200 पर्यंत श्रोते असतील तर स्पीकरवरील संगीतासाठीही वेगळ्या परवानगीची अट काढली. 2015 मध्ये ही मर्यादा 500 झाली. थोडक्यात, छोट्या कार्यक्रमाला मोठ्या कार्यक्रमाचे नियम लावायचे नाहीत.

हा विचार महाराष्ट्रालाही लागू पडतो. आपली शास्त्रीय बैठक दिवाणखान्यात आणि वाड्यांतही वाढली आहे. शाळा, वाचनालये, महापालिकांची छोटी सभागृहे महिन्यातून एखादी संध्याकाळ नाममात्र भाड्याने दिली, तर नव्या प्रयोगांनाही जागा मिळेल. 20 श्रोते आले म्हणून कार्यक्रम पडला, असे मानण्याचे कारण नाही. ‘ऑफ साइट’चे संगीत घडायला तेवढीच माणसे आणि एक शांत खोली पुरेशी होती. मात्र ती खोली उघडी ठेवणारे कोणीतरी हवे होते.