कबड्डीपटूंच्या गुडघ्यांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी

विषय : गुडघ्याच्या लिगामेंट व गादीच्या दुखापती

महोदय,

चढाईपटू मॅटवर पाऊल रोवून वळतो आणि नेमका तेव्हाच घोटा पकडला जातो. पाय अडकतो, अंग फिरते. ‘कट्’ आवाज येतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. अशा वेळी एसीएल, म्हणजे गुडघ्यातले पुढचे लिगामेंट, तुटल्याची शंका आधी घ्यायला हवी.

तुटलेले एसीएल मांडीमागची कंडरा घेऊन नव्याने बसवता येते. गुडघ्यातल्या गादीचे (मेनिस्कस) तसे नाही. तिच्या आतल्या भागाला रक्तपुरवठाच नसल्याने तिथली चीर सहसा भरत नाही आणि कापून काढलेला तुकडा परत वाढत नाही. लिगामेंटविना खेळत राहिले की गुडघा वारंवार निसटतो आणि गादी चिरडत जाते. पुढे ऐन उमेदीत सांध्याची झीज. म्हणून आमची तक्रार पहिल्या दुखापतीबद्दल नाही, खेळात ती होणारच. तक्रार आहे ती “पट्टी बांध, फायनल काढ” या सवयीबद्दल.

गुडघ्यातून आवाज आला किंवा सूज चढली, तर त्या खेळाडूला त्या स्पर्धेत पुन्हा उतरवू नये. हा निर्णय वैद्यकीय पथकाचा असावा, प्रशिक्षकाचा नव्हे. सात जण मैदानात असताना पाच राखीव बसलेले असतात, ते कशासाठी? बर्फ, स्ट्रेचर आणि फिजिओ नसेल तिथे स्पर्धेला परवानगी नको. तेल चोळून गुडघा ‘बसवणाऱ्यांना’, त्यांची माया कितीही खरी असली तरी, मैदानाबाहेर ठेवावे.

दुखापतीनंतर दोन आठवड्यांत अस्थिरोगतज्ज्ञांची तपासणी व गरजेनुसार एमआरआय व्हावा; त्यासाठी प्रत्येक खेळाडूचा विमा काढावा.

शस्त्रक्रियेनंतर किमान ९ महिने सामना नको. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरची उडी तपासूनच परवानगी द्यावी. तोवर शिष्यवृत्ती व वसतिगृहातील जागा कायम राहावी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेलेल्या कुस्तीपटू विनेश फोगाटने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. मधला काळ सांभाळला गेला, तर खेळाडू परततो.

मुलींमध्ये एसीएलचा धोका अधिक असतो. उडीनंतर गुडघा आत न झुकवता उतरणे, तोल सांभाळणे, मांडीमागचे स्नायू बळकट करणे असा वीस मिनिटांचा सराव सर्व संघांना सक्तीचा करावा.

दुखावलेल्या खेळाडूला त्या स्पर्धेत पुन्हा न उतरवण्याच्या पहिल्या मागणीला अनुदान लागत नाही. ती येत्या शालेय स्पर्धांच्या परिपत्रकातच छापावी, ही विनंती.

आपले,
जिल्ह्यातील आजी-माजी कबड्डी खेळाडूंची संघटना