प्रश्नावली कोणाची? #थ्रेड

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर कौला बंदर ही वस्ती आहे. महापालिकेचा पाण्याचा दर हजार लिटरला २.२५ रुपये होता, त्या काळात येथील कुटुंबे ऋतुमानानुसार त्याच्या ५२ ते २०६ पट रक्कम मोजत होती. ९५ टक्के घरांत माणशी ५० लिटर पाणीही वापरले जात नव्हते.

हे आकडे २०१३ साली एका संशोधनलेखातून पुढे आले. त्यामागील कामात मुंबईच्या 'पुकार' या संस्थेचे 'बेअरफूट रिसर्चर' होते, म्हणजे वस्तीशी नाते असलेले, संशोधन प्रत्यक्ष करता करता शिकलेले तरुण. पाणी कोणाच्या पंपातून येते आणि पैसे कोण घेते, हे परक्या माणसाला पहिल्या भेटीत कोणी सांगत नसते.

तरुणांनी शहर वाचावे, ही कल्पना मुंबईला नवी नाही. १८५७ साली स्थापन झालेले तेथील विद्यापीठ आरंभीची कित्येक दशके प्रामुख्याने परीक्षा घेण्याचे काम करीत होते. १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पॅट्रिक गेडिस त्याचे प्रमुख झाले. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. मात्र पाहणी करणे वेगळे आणि काय पाहायचे हे ठरवणे वेगळे.

१९६९ साली ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरांत विद्यार्थी गावोगाव हिंडतात, तक्ते भरतात. तक्त्यातील रकाने मात्र बहुधा वरून आखून आलेले असतात. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत शेरी अर्नस्टीन यांनी नागरिकांच्या सहभागाची 'शिडी' मांडली. १९९२ साली रॉजर हार्ट यांनी ती मुलांच्या सहभागाला लावली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे वापर करून घेणे, शोभेला उभे करणे आणि नाममात्र विचारणे यांना, हार्ट सहभाग मानतच नाहीत. आपल्याकडील पुष्कळ 'युवा सहभाग' याच तीन पायऱ्यांवर घुटमळत राहिला आहे.

'पुकार'चे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली 'संशोधनाचा अधिकार' मांडला. आपल्याला जे ठाऊक नाही, पण ठाऊक असणे गरजेचे आहे, ते पद्धतशीरपणे शोधण्याची क्षमता प्रत्येक नागरिकाकडे असावी, हा त्याचा गाभा. संस्थेच्या युवा पाठ्यवृत्तीत विषय तरुणांचा गटच निवडतो. सगळा फरक येथे आहे.

यावर प्राध्यापकवर्गाचा आक्षेप ठरलेला असतो: अननुभवी मुलांच्या हाती प्रश्न दिला, तर शिस्त ढासळेल. आक्षेप पोकळ नाही. नमुना कसा निवडावा, संमती कशी घ्यावी, हे शिकावेच लागते. परंतु ज्या प्रश्नाचा वस्तीशी संबंधच नाही, त्याला निर्दोष नमुनाही वाचवू शकत नाही.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. अनुदानाच्या अर्जात संशोधनप्रश्न, पद्धत, खर्च सारे आधीच लिहावे लागते. तरुणांशी पहिली भेट होते ती पैसे मंजूर झाल्यावर. तोवर बदलण्याजोगे फारसे उरलेले नसते. म्हणून अर्जापूर्वीच्या चार-सहा महिन्यांसाठी विद्यापीठांनी अल्प निधी वेगळा ठेवावा. त्यातून तरुणांना मानधन मिळावे, आणि अर्जातला प्रश्न खोडण्याची मुभाही.