खोक्यातली भेट आणि कामाचा दाम

आमच्या शेजारच्या चाळीत गवंडीकाम करणारे एक भाऊ राहतात. त्यांची वीस वर्षांची मुलगी कॉलेज सांभाळून मोबाईलवर स्वयंपाकाचे छोटे व्हिडिओ करते. सुकटीची चटणी, ज्वारीची भाकरी, शिळ्या भाताची फोडणी, असे आपल्या घरातलेच पदार्थ. इन्स्टाग्रामवर तिचे नऊ हजार फॉलोअर झाले आहेत. मध्यंतरी एका मसाला कंपनीने तिला खोके पाठविले. आत मसाल्याची सहा पाकिटे. घरात आनंदीआनंद! आईने चार घरी खोके नेऊन दाखविले.

आम्ही मुलीला विचारले, "पैसे किती मिळाले?"

"मिळाला ना, हा मसाला मिळाला," ती म्हणाली.

त्या मसाल्याचा व्हिडिओ करण्यासाठी तिचे दोन दिवस मोडले होते. बाजारहाट, गॅस, चित्रीकरण, रात्री जागून केलेले एडिटिंग. आम्ही वडिलांना म्हटले, "भाऊ, तुम्ही कोणाची भिंत प्लास्टर करून दिलीत आणि मालकाने मजुरीऐवजी सिमेंटची एक गोणी हातात ठेवली, तर चालेल काय?"

भाऊ आधी हसले. मग गप्प झाले.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आज आपल्या घराघरांत अशी मुले-मुली आहेत. कोणी नाच करतो, कोणी केस बांधायला शिकवते, कोणी स्पर्धा परीक्षेची माहिती देतो. लोक पाहतात म्हणून कंपन्या येतात. पण कंपनी फुकट देते त्यावर समाधान मानायचे, की आपण होऊन कंपनीला पत्र लिहून काम मागायचे? या पत्राला ही मुले 'पिच' म्हणतात. आम्ही म्हणतो, मागावे. मात्र तो नोकरीचा अर्ज नव्हे. 'कृपा करून संधी द्यावी' अशी भाषा त्यात नको. ते कारागिराचे दरपत्रक आहे. मी हे काम करून देईन, त्याचे इतके पैसे होतील, एवढे सरळ.

पत्र कोणाला लिहावे? जी वस्तू आपण खरोखर वापरतो तिच्या कंपनीला, आणि त्याआधी आपल्या भागातल्या दुकानदाराला. मसाला कुटून देणारी गिरणी, साडीचे दुकान, शिकवणी वर्ग. नऊ हजार हा आकडा मोठ्या कंपनीला लहान वाटेल. पण त्यातल्या बऱ्याच बाया आपल्याच तालुक्यातल्या असतील, तर गिरणीवाल्याला तो लाखाच्या मोलाचा आहे. खाते 'प्रोफेशनल' करून घेतले की पाहणारे कोणत्या शहरातले, कोणत्या वयाचे, हे इन्स्टाग्राम स्वतःच दाखविते. तेच आकडे पत्रात द्यावेत. पैसे देऊन खोटे फॉलोअर विकत घेणारे पुष्कळ आहेत. पण लाख फॉलोअर आणि व्हिडिओखाली चार शेरे, हे पाहून कंपनीचा माणूस लगेच ओळखतो.

पत्र दहा-बारा ओळींचे पुरे. मी कोण, माझे व्हिडिओ कोण पाहते, तुमच्या वस्तूवर मी नेमका कोणता व्हिडिओ करीन, आधी केलेल्या दोन चांगल्या व्हिडिओंच्या लिंक, माझा दर आणि काम देण्याची तारीख. कंपनीच्या जाहिरात विभागाचा ई-मेल पत्ता शोधून तेथे पाठवावे. आठवड्याने एकदा आठवण करावी. तरी उत्तर नाही, तर पुढचे दार. कोणाला कधी लिहिले, काय उत्तर आले, याची वही ठेवावी. दहा पत्रांना नऊ वेळा उत्तर येत नाही. त्यात अपमान मानू नये. नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला तरी रोज काम कुठे मिळते?

दर कसा ठरवावा? किती तास गेले, सामान किती लागले, हे आधी मांडावे. कंपनी तोच व्हिडिओ स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असेल, तर त्याचे वेगळे पैसे आणि किती महिने वापरणार याची मुदत. 'आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा मसाला दाखवायचा नाही' अशी अट असेल, तर तिचेही पैसे. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. सुरुवातीला ओळख व्हावी म्हणून वस्तूच्या बदल्यात एखादे काम केले तर हरकत नाही. पण तसे आपण ठरवून करावे, भुलून नव्हे. आणि जे ठरेल ते लेखी. ई-मेलवर असले तरी चालते.

सरकारची उद्यम नोंदणी फुकट होते. ती असेल तर २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडविता येत नाहीत, उशीर झाला तर व्याज द्यावे लागते.

आता आपली जबाबदारी. पैसे घेऊन किंवा फुकट वस्तू घेऊन व्हिडिओ केला, तर 'ही जाहिरात आहे' हे ठळकपणे सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ मध्ये हा नियम केला. केंद्र सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये तसे बजावले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एका कंपनीने वर्षात २० हजारांहून जास्त किमतीची वस्तू दिली आणि आपण ती ठेवून घेतली, तर १० टक्के करकपातीचा नियम जुलै २०२२ पासून आहे. महागडा मोबाईल फुकट आला म्हणून नाचण्याआधी हे विचारून घ्यावे.

जो काम देण्याआधी आपल्याकडूनच 'नोंदणी फी' किंवा अनामत मागतो, तो कंपनीचा माणूस नव्हे. कोणालाही ओटीपी सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

आणखी एक. या मुलीला मसाल्यानंतर गोरे करणाऱ्या क्रीमचे काम आले होते. पैसे बरे होते. घरभाडे थकलेले, आईचा जीव थोडा अडकला. मुलगी म्हणाली, "आई, माझ्याच रंगाच्या पोरी माझे व्हिडिओ बघतात. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की तुम्ही वाईट दिसता?" सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे आस्कीने २०१४ मध्येच सांगितले आहे. मुलीला तो नियम ठाऊक नव्हता. तिला तो आतूनच कळला. ज्या माणसांच्या विश्वासावर आपला दर ठरतो, त्यांचाच विश्वास विकला तर पुढे विकायला काय उरते?

पालकांनी मुलांना या कामापासून तोडू नये; पण यासाठी शिक्षण सोडू देऊ नये. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या असंख्य पोरापोरींनी मेहनतीने जमविलेले प्रेक्षक एका फटक्यात गेले. दुसऱ्याच्या जागेवर मांडलेले दुकान आहे हे. पदवी मात्र आपली असते.

त्या मुलीने पुढे दहा पत्रे लिहिली. नऊ ठिकाणी सामसूम. दहावे उत्तर बाजारातल्या मसाल्याच्या गिरणीवाल्याचे आले. एका व्हिडिओचे तीन हजार रुपये, निम्मे आगाऊ. तिने ही बातमी सांगितली तेव्हा भाऊ कामावरून येऊन हातपाय धूत होते. त्यांनी एवढेच विचारले, "लिहून घेतलंस का?"

तिने मोबाईल पुढे केला. भाऊंनी हात पुसले आणि ओळ न् ओळ वाचून काढली.