ती ट्यूब घराबाहेर काढा: रायगड किनाऱ्यावरील कुटुंबांना जाहीर आवाहन

रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळा लागला की दोन गोष्टी हमखास सुरू होतात: खाज, आणि मेडिकलमधून विनाचिठ्ठी येणारी ट्यूब. जांघेत, काखेत, नाडीखाली गोल लाल चट्टा उठतो. दुकानदाराला तो दाखवावाही लागत नाही. ‘नायट्यावर काहीतरी द्या’ म्हटले की काम झाले. चार दिवसांत खाज थांबते. महिनाभरात चट्टा तळहाताएवढा होतो आणि घरातल्या आणखी दोघांना उठतो. मग दुसरी ट्यूब. हे याच पावसाळ्यात थांबले पाहिजे, असे आवाहन किनाऱ्यावरच्या आशाताई, महिला बचत गट आणि मच्छीमार सोसायट्यांचे कार्यकर्ते करीत आहेत.

या ट्यूबमध्ये असते काय? बहुतेक वेळा तीन औषधांची खिचडी: एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक आणि एक जबरदस्त स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबते. निखाऱ्यावर राख लोटावी तसे होते. वरून सारे शांत, खाली बुरशी पसरत राहते. चट्ट्याची गोल कडा पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरलाही रोग ओळखणे अवघड जाते. महिनोन्महिने लावले तर जांघेतली आणि काखेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर पट्टे उमटतात. ते जन्मभर जात नाहीत. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली लावलेले स्टेरॉइड तर रक्तात उतरते आणि त्याच्या शरीरात नैसर्गिकपणे तयार होणारे स्टेरॉइड मंदावू शकते. तरीही बाळाच्या जांघेत लाली दिसली की बापाची ट्यूब काढली जाते. याला माया म्हणायचे का?

कायदा नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदा ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ औषधी मिश्रणांवर बंदी आली, त्यांत स्टेरॉइडमिश्रित मलमेही होती. इतकी वर्षे उलटली, तरी चिठ्ठी मागणारे दुकान शोधावे लागते. ज्याने औषधांचे शिक्षण घेतले, परवाना भिंतीवर लावला, त्याने गावच्या पोराबाळांच्या कातडीशी असा खेळ करावा, हे संतापजनक आहे.

परिणाम साऱ्या देशाला भोगावा लागतो आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीची वेगळी ओळख २०२० मध्ये पटली. टर्बिनाफिन ही नायट्यावरची हुकमी गोळी तिच्यावर अनेकदा चालतच नाही. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही नोंदवले गेले. ती माजण्यामागे अशा मलमांचा बेसुमार वापर हे मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

गोरेपणाचा हव्यास याहून वाईट. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी असलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. काही गोरे करणाऱ्या क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडावर जातो. केरळमध्ये २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले गेले, त्यांतले १३ जण अशी क्रीम वापरत होते. आपल्या अकोल्यात तर एकाच घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडे अशा क्रीमने बिघडली. ज्या क्रीमच्या डबीवर घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक छापलेला नाही, ती डबी घरात येताच कामा नये.

‘समुद्रावर राहायचे तर खाज असायचीच’, ‘दवाखान्यात गेले की रोज बुडतो’, ‘आजीने लसूण चोळूनच बरे केले’. ही कारणे आता पुरे झाली. लसणाने कातडी भाजते. आणि वर्षभर ट्यूबवर जाणाऱ्या पैशांपुढे एका दिवसाची मजुरी काहीच नाही.

रोजच्या सवयी साध्या आहेत, आजपासून लागू कराव्यात. रोज साध्या साबणाने अंघोळ. पाण्यात जंतुनाशक ओतू नये. जांघा, काखा आणि बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. चिखल्या तिथेच होतात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. दोरीवर दमट राहिलेली चड्डी घालू नये. ऊन नसेल तर उलटी करून इस्त्री फिरवावी. सैल सुती कपडे घालावेत. भिजलेली जीन्स किंवा लेगिंग घरी आल्याबरोबर बदलावी. लावणीहून परतल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत, गमबूट रात्री उलटे ठेवावेत. बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या बायांनी हातमोजे वापरावेत. काम संपले की गोड्या पाण्याने हात धुऊन खोबरेल लावावे. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपून होड्या निघाल्या की उन्हासाठी अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर टोपी हवीच.

औषध डॉक्टरने सांगितले तितके दिवस घ्यावे. चट्टा फिका पडला म्हणून मध्येच सोडू नये. घरात एकाला खरूज असेल तर उपचार सगळ्यांनी एकदमच करायचा, ज्याला खाज नाही त्यानेही. अंथरुणे आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत.

आणखी एक गोष्ट, आणि तीत हयगय नको. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर बधिरपणा असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर ट्यूब चोळत बसणे म्हणजे नसांचे नुकसान ओढवून घेणे. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. याच जिल्ह्यात, पनवेलजवळच्या नेरे येथे, शांतिवनात १९५१ पासून कुष्ठरुग्णांची सेवा चालते. त्याच जिल्ह्यात आजही चट्टा लपवला जातो, ही लाजेची बाब आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने पत्रे उडवले, तेव्हा किनाऱ्यावरच्या वाड्या एकमेकींसाठी उभ्या राहिल्या. करोनात आशाताई दारोदार फिरल्या. त्या माणसांना एक ट्यूब आवरत नाही, हे पटण्यासारखे नाही.

म्हणून नारळी पौर्णिमेच्या आत प्रत्येक घराने मलमांचा डबा उपडा करून चिठ्ठीविना आणलेल्या ट्यूब आशाताईंना दाखवाव्यात. ज्याने अशी ट्यूब बराच काळ लावली आहे, त्याने ती एकदम बंद न करता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. प्रत्येक सोसायटीने आपल्या फलकावर ‘चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड नाही’ असे लिहावे. जे दुकानदार ऐकणार नाहीत, त्यांच्याकडून पावती मागून घ्यावी आणि तारखेसह तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या रायगड कार्यालयात लेखी द्यावी.