लाल सूचना वर वाजू द्या

नागपुरातल्या वातानुकूलित सभागृहांत हल्ली माता-बालमृत्यूवर एकच उतारा ऐकू येतो: कधी काय करायचं ते नर्सला सांगणारा टॅब. बाई दगावते? टॅब द्या. बाळ दगावतं? ॲप काढा. पडद्यावर चौकोन आणि बाण, पहिल्या रांगेत साहेब. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या सिस्टर शेवटच्या रांगेत, परतीच्या बसच्या काळजीत.

रामटेक तालुक्यातलं आडवळणाचं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या. रात्री बाई आली. बीपी १६०/११०, डोकं ठणकतंय, लघवीत प्रोटीन. टॅब लाल अक्षरांत सांगणार: मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्या, रेफर करा. अहो, हे सिस्टरला झोपेतही पाठ आहे! ‘मले समजते जी, पाठवा लागते. पन गाडी कुठं हाय?’ याचं उत्तर टॅबमध्ये नाही. रामटेकला आज भूलतज्ज्ञ आहे का, रक्त आहे का, की थेट नागपूरचं डागा रुग्णालय नाहीतर मेडिकल कॉलेज गाठायचं, याचंही नाही. उलट त्याला आधी सगळे रकाने भरून हवेत, नाहीतर पुढचं पान उघडत नाही. कागदी पार्टोग्राफ, म्हणजे कळांपासून प्रसूतीपर्यंतचा आलेख, बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत भरला जायचा. आता तो टॅबवर भरला जाईल. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

नर्सला आठवण करून दिली की जीव वाचतात, या समजाची परीक्षा होऊन गेली आहे. उत्तर प्रदेशातल्या १२० केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी यादीचा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांना यादी दिली, वर शिकवायला माणसंही. दीड लाखावर बाळंतपणांचा हिशेब २०१७ मध्ये छापून आला. कामाची पद्धत सुधारली, मृत्यू मात्र घटले नाहीत. आणि आपल्याकडे? २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल सरकारलाच परत केले. फोन चालत नव्हते, ॲप इंग्रजीत होतं.

मला तंत्राचा विटाळ नाही. गडचिरोलीत बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दाईंसाठी श्वास मोजायचं साधन केलं: मणी आणि मिनिटभराची वाळू. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया. खरी गोम पुढे आहे. निदान करणाऱ्या त्याच हातात औषधही दिलं होतं. पुढे घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम तिथल्या ३९ गावांत झालं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं.

तेव्हा टॅब जरूर आणा, फक्त त्याचं तोंड फिरवा. लाल सूचना उमटली की त्याच क्षणी ती जिल्हा परिषदेत आरोग्य अधिकाऱ्यांच्या फोनवर वाजली पाहिजे. गाडी किती वाजता निघाली, भूलतज्ज्ञ कोण होता, रक्त मिळालं का, हे रकाने साहेबांनी भरायचे. ते भरल्याशिवाय त्यांचंही पुढचं पान उघडू देऊ नका.