वैद्याचे उतारवय आणि आरोग्यविमा

वैद्याला सेवानिवृत्ती नसते, असे आपण अभिमानाने म्हणतो. निवृत्तिवेतनही नसते, हे मात्र विसरतो. रुग्णांना अनागत व्याधींचा प्रतिबंध शिकवणारे आपण स्वतःच्या उतारवयातील रुग्णालयखर्चाविषयी उदासीन असतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे असलेले आम्हीही त्यास अपवाद नव्हतो.

ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मात्र पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास ही रक्कम दोघांत सामाईक असते, वय आधारपत्रावरून ठरते आणि बाह्यरुग्ण उपचार त्यात येत नाहीत.

सत्तरीपूर्वी काय? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा प्रतिकुटुंब ५ लाखांपर्यंतचा आधार आहे. परंतु तो अंगीकृत रुग्णालये व ठरावीक उपचार यांपुरताच. उरलेला भार स्वतःच्या विम्यानेच पेलावा लागतो. पूर्वव्याधींसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनी कमाल तीन वर्षांवर आला असला, तरी ती तीन वर्षे साठीनंतर मोजण्यापेक्षा पन्नाशीतच मोजून झालेली बरी. अर्ज भरताना मधुमेह वा रक्तदाब लपवू नये. दावा नाकारला जाण्यास तेवढे कारण पुरते.

वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी शासकीय योजनांची पात्रता आजच तपासावी आणि आधारपत्रावरील जन्मतारखेची चूक असल्यास वेळीच दुरुस्त करून घ्यावी. व्याधी अंगावर आल्यावर विमा शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.