घटपर्णी विकत आणण्याआधी सड्यावर चला

हल्ली 'विज्ञान बाग' करायची म्हटलं की यादीत पहिलं नाव घटपर्णीचं येतं. पालकही हौसेनं टांगती कुंडी आणून देतात. झाड देखणं आहे, त्यात वाद नाही. पण भारतात घटपर्णी रानात सापडते ती मेघालयात, तीही एकच जात, आणि ती दुर्मीळ आहे. नर्सरीत मिळतात ते बहुतेक संकर. मुलं काय करतात? घड्यात माश्या टाकतात, बुडाशी खत घालतात. खतानं झाड मरतं. धडा तिथेच संपतो.

आता आपल्या रत्नागिरीचा सडा बघा. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर, पावसानं धुतलेली, नत्र नाहीच म्हणा ना. म्हणून इथल्या काही वनस्पतींनी किडे खायला सुरुवात केली. दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा. नाण्याएवढं लालसर चक्र, केसांच्या टोकाला चिकट थेंब, किडा बसला की केस हळूहळू आत वळतात. शेजारी सीतेची आसवं. निळी-जांभळी फुलं सगळ्यांना दिसतात, पण खरी गंमत खाली ओल्या मातीत, मोहरीपेक्षा बारीक फुग्यांत. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की डोळ्याची पापणी लवायच्या आत तो आत ओढला जातो! भिंग मात्र न्यायला हवं.

सातवीच्या विज्ञानात कीटकभक्षी वनस्पती आहेत. त्या परदेशी चित्रातून का शिकवायच्या?

बांबूचंही तसंच. थंडी सोसणारा मोसो बांबू म्हणे लावा. अहो, तो चीन-जपानच्या बर्फातला. आपल्याकडे बर्फ कुठाय? शिवाय त्याची मुळं जमिनीखालून लांब पळतात, शेजाऱ्याच्या आवारात कोंब काढतात. आपला माणगा बेट करून एका जागी राहतो, काटे नाहीत, काठी जवळपास भरीव. कुंपणाला तोच लावा.

आणि एक सांगायलाच हवं. सड्याला आपण 'ओसाड' म्हणतो, मग कोणी त्यावर मातीचे ट्रक ओततं. जाड माती पडली की गवत माजतं आणि दवबिंदू जातो. ज्या मुलानं तो गुडघे टेकून पाहिलाय, ते मूल घरात प्रश्न विचारेल. विचारू दे.

गणपतीची सुट्टी संपली की लगेच जा. उपटू नका, चित्र काढा. ऑक्टोबरचं ऊन तापलं की सगळं सुकून जातं.